डोंगरीची भीती बाजूला ठेवून

मुंबईतल्या कुठल्याही वस्तीत पोर फार हट्टाला पेटलं की घरातून एक दम हमखास ऐकू येतो, 'थांब, डोंगरीलाच टाकते तुला.' डोंगरीला उमरखाडीत मुलांचं जुनं निरीक्षणगृह आहे, मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीचं बालगृह आहे. मुंबईचा मुलांविषयीचा कायदा १९२४चा आणि ही सोसायटी १९२७ची, म्हणजे हा दम आजी, आई आणि लेक अशा तिघींनीही ऐकलेला असू शकतो. त्यातून मुरलेली भीती मुलांपेक्षा मोठ्यांच्याच अंगात जास्त आहे. शेजारच्या खोलीत बाप रोज रात्री पोराला पट्ट्याने झोडपतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं, पण फोन कुणी करत नाही. 'उद्या पोराला उचलून नेतील, मग त्याच्या आईला तोंड कसं दाखवू?' वस्तीतल्या बायका हे इतक्या कळवळून विचारतात की आधी त्याचंच उत्तर द्यायला हवं.

फोन केला म्हणून मूल उचलून नेत नाहीत. सध्या लागू असलेला २०१५चा बाल न्याय कायदा संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय मानतो. आधी मुलाचं स्वतःचं घर, ते सुरक्षित नसेल तर आजी, मामा, मावशी असं जवळचं कुणी, तेही नसेल तर मूल सांभाळायला तयार असलेलं दुसरं कुटुंब, आणि यातलं काहीच जमत नसेल तेव्हा बालगृह. घरी राहूनच मुलाला मदत मिळावी यासाठी समुपदेशन, देखरेख, दरमहा पैसे अशा सोयी सरकारनेच केलेल्या आहेत. पण त्या मिळण्यासाठी कुणीतरी पहिली खबर द्यावी लागते, आणि ती देणारा माणूस बहुधा शेजारी, शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा कोपऱ्यावरचा दुकानदारच असू शकतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

दोन वेगळी दारं

मदतीची गरज असलेलं मूल म्हणजे अनाथ मूल, असा आपला समज असतो. कायद्याची व्याख्या त्याहून बरीच मोठी आहे. भीक मागणारं किंवा कामाला लावलेलं, रस्त्यावर राहणारं, मारणाऱ्या-धमकावणाऱ्या माणसासोबत अडकलेलं, आईवडील आजारपणामुळे सांभाळू शकत नाहीत असं, नशेच्या वाटेला लागू पाहणारं, कमी वयात लग्न ठरलेलं, घरातून पळून आलेलं, अशा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा विषय बाल कल्याण समितीकडे जातो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आहेत, त्यामुळे तुमची वस्ती कोणत्या जिल्ह्यात येते त्याप्रमाणे समिती वेगळी.

दुसरं दार बाल न्याय मंडळाचं. मोबाइल चोरल्याचा किंवा मारामारीचा आरोप असलेल्या मुलाला तिथे नेतात. वस्तीतल्या आईबापांनी याबाबतचे नियम पाठच करून ठेवावेत, कारण पोर पकडलं गेल्यावर कुणाचीही बुद्धी जागेवर राहत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर त्यालाच भेटायचं आहे असं सांगा. मुलाला २४ तासांच्या आत मंडळासमोर न्यावं लागतं. जामीन देणं हाच नियम आहे, नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. वकिलाला पैसे मोजायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना मोफत वकील देतं, त्यांचा क्रमांक १५१००.

ठाण्यात रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी शाळेचा दाखला उचला. वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्यातच दिला आहे. सतरा वर्षांच्या पोराचं वय घाईघाईत एकोणीस लिहिलं गेलं तर तो थेट मोठ्यांच्या तुरुंगात पोचतो, आणि ते निस्तरायला महिने जातात.

नजर कुठे ठेवायची

मुलावरचं संकट वस्तीत लपून राहत नाही, फक्त आपल्याला ते पाहायची सवय झालेली असते. सकाळी अकराच्या सुमाराला नळावर उभं राहून पाहा. रांगेत दहा-अकरा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, पायाशी दोन हंडे. महापालिकेची शाळा केव्हाच भरलेली. पहिल्या दिवशी आपण म्हणतो, आई आजारी असेल. आठवडाभराने ती तिथेच दिसते, तेव्हा विचारायला हवं. आई पहाटे धुणीभांड्याला जाते, भावाला ठेवायला कुणी नाही, म्हणून शाळा सुटली, हे उत्तर बहुतेक वेळा मिळतं. ही अजून तक्रारीची गोष्ट नाही. त्या लहानग्याला अंगणवाडीत किंवा पाळणाघरात जागा मिळाली तर मुलगी परत शाळेत जाऊ शकते. पण तिकडे दुर्लक्ष झालं तर वर्षभरात ती मुलगीही कुणाच्या तरी घरी कामाला लागलेली असते आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचं लग्न ठरतं. शाळेतली गैरहजेरी ही सगळ्यात लवकर मिळणारी खूण आहे. शिक्षकांनी सलग आठवडाभर न आलेल्या मुलाच्या घरी कुणालातरी पाठवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

माराच्या खुणा ओळखताना जागा पाहा. खेळताना पडलेल्या मुलाला गुडघ्याला, कोपराला, कपाळाला लागतं. पाठीवर, मांड्यांवर, कानामागे, दंडाच्या आतल्या बाजूला वळ असतील, सिगारेटच्या टोकाएवढे गोल डाग असतील, एकाच वेळी जुने आणि नवे व्रण दिसत असतील, तर ते पडल्याचे नसतात. लैंगिक अत्याचाराच्या खुणा अंगापेक्षा वागण्यात आधी दिसतात. ठरावीक काकाच्या घरी जायला अचानक नकार, सार्वजनिक शौचालयात एकटीने जायची भीती, मोठं मूल पुन्हा अंथरुण ओलं करू लागणं, हातात न परवडणारे पैसे किंवा फोन. यातली एकच गोष्ट दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर गप्पही बसू नये. आणि हे मुलग्यांच्या बाबतीतही तितकंच लागू आहे. मुलग्यांवर अत्याचार होतात हे मानायलाच आपण तयार नसतो, म्हणून ते सांगतही नाहीत.

कारखान्यातली मुलं वेगळीच. धारावी, कुर्ला, गोवंडीच्या गल्ल्यांत पोटमाळ्यावर जरीचं, बॅगांचं, शिलाईचं काम चालतं. बिहार-उत्तर प्रदेशातल्या गावांतून आणलेली मुलं तिथेच काम करतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. शटर अर्धं खाली, आत दिवसभर ट्यूब लागलेली, आणि रविवारी दुपारी तासाभरासाठी बाहेर आलेली मुलं उन्हाने डोळे मिचकावत उभी असतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्याची सवलत कायद्यात आहे. दूरच्या गावातून आणलेल्या मुलाला 'माझा भाचा आहे' म्हणणाऱ्या शेठला ती लागू होत नाही. इथे एक पथ्य कडक पाळा. शेठला जाब विचारायला जाऊ नका, गल्लीत चर्चा करू नका. रातोरात मुलं दुसरीकडे हलवली जातात आणि मग छापा घालणाऱ्यांना रिकामी खोली मिळते. नुसता फोन करा.

फोनवर काय सांगायचं

१०९८. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. १९९६मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून ही सेवा मुंबईतच सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. २०२३पासून ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. मुलाच्या जिवाला या क्षणी धोका असेल तर थेट ११२ लावा, बाकी सगळ्यासाठी १०९८.

वस्तीतले फोन बऱ्याचदा पत्त्यावर अडतात. 'इंदिरानगर' सांगितलं तर तशी चार असतात. म्हणून आधी वॉर्ड आणि पोलीस ठाणं, मग मोठ्या रस्त्यावरची खूण, मग गल्ली, मग खोली, असं सांगा. 'समाजमंदिराच्या मागची गल्ली, उजव्या हाताचा तिसरा दरवाजा, निळा पत्रा, वर जिना' एवढं बारीक सांगितलं तर येणाऱ्या कार्यकर्त्याला दहा घरी चौकशी करत फिरावं लागत नाही, आणि तुमचंही नाव गल्लीभर होत नाही. मुलाचं अंदाजे वय, ते कोणती भाषा बोलतं, तुम्ही स्वतः काय पाहिलं किंवा ऐकलं, शेवटचं केव्हा, घरात आणखी कोण आहे, नातेवाइकांत मुलाचा विश्वास कुणावर आहे, हेही सांगा. शेवटचा मुद्दा कुणी सांगत नाही, पण तो फार कामाचा असतो. घाटकोपरला एक मावशी आहे एवढं कळलं तरी मुलाची पहिली रात्र तिच्या घरी जाऊ शकते.

जे पाहिलं तेच सांगा. 'बाप दारुडा आहे, वाईट माणूस आहे' यापेक्षा 'सोमवारी आणि काल रात्री दहानंतर मुलाचं ओरडणं ऐकू आलं, आज त्याचा ओठ फाटलेला दिसला' हे जास्त उपयोगी. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. फोन केल्याची तारीख, वेळ आणि त्यांनी दिलेला नोंद क्रमांक लिहून ठेवा. दोन दिवसांत कुणी आलं नाही तर तोच क्रमांक सांगून पुन्हा फोन करा.

मुलाला मारणारा बहुतेकदा बायकोलाही मारत असतो. अशा घरात आईला बाजूला ठेवून मुलाला वाचवता येत नाही. महिलांसाठी १८१ क्रमांक आहे. मुंबई महापालिकेच्या काही रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत. पहिलं २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. औषधाच्या निमित्ताने आई तिथे जाऊ शकते, नवऱ्याला संशय येत नाही. हे तिच्या कानावर घालणं, तेही नळावर चारचौघींत न घालता एकटीला गाठून घालणं, हीसुद्धा मदतच आहे.

मुलाने तोंड उघडलं तर

मूल सांगायला बसतं ते ठरवून नाही. वह्या तपासताना, भाजी निवडताना, कधी भलत्याच गोष्टीबद्दल बोलताना एक वाक्य टाकतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. त्या वेळी तुमचा चेहरा बदलला, 'काय? कोण? केव्हा?' असे प्रश्न सुटले, की मूल मागे सरतं. हातातलं काम चालू ठेवा, आवाज खाली ठेवा. 'सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.' एवढं पुरेसं आहे. 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, कारण ते मोडावंच लागणार आहे. त्याऐवजी म्हणा, 'हे थांबवायचं तर मला एक-दोघांना सांगावं लागेल. कुणाला सांगते ते तुला आधी सांगेन.' आणि खरंच आधी सांगा.

मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत, तारीखवार लिहून ठेवा. सभ्य शब्द शोधू नका. तपशील उकरून काढू नका, दुसऱ्या शिक्षिकेसमोर, मग मुख्याध्यापकांसमोर, मग काकूसमोर पुन्हा वदवून घेऊ नका. मोबाइलवर बोलणं चित्रित करू नका. आणि ज्याचं नाव घेतलं त्याला समोर बोलावून 'खरं काय ते होऊन जाऊ दे' असं तर कधीच करू नका. वस्तीतली मांडवली इथेच सगळ्यात जास्त नुकसान करते. पंच बसतात, दहा-वीस हजारांवर मिटतं, आणि मुलीला त्याच गल्लीतून, त्याच माणसाच्या दारावरून शाळेत जावं लागतं.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत गप्प राहण्याचा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं त्या प्रत्येक मोठ्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शाळा किंवा संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाची गोष्ट दाबली तर एक वर्षापर्यंत. उलट, खरं समजून कळवलं आणि पुढे सिद्ध झालं नाही, तर कळवणाऱ्यावर काहीही येत नाही. 'खोटं निघालं तर मीच अडकेन' ही भीती म्हणून मनातून काढून टाका.

अत्याचार नुकताच झाला असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. काढलेले कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नाही. रुग्णालयात लगेच न्या, कारण संसर्ग टाळणारी आणि गर्भधारणा रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकी चांगली लागू पडतात. उपचारासाठी आधी एफआयआर आणा असं रुग्णालय म्हणू शकत नाही, पैसेही घेऊ शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आणि मुलीच्या विश्वासातलं माणूस सोबत राहायचं.

पोलिसांत तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. 'आमची हद्द नाही' म्हटलं तर 'झिरो एफआयआर नोंदवा' एवढं शांतपणे सांगा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही, आरोपीच्या समोर आणता येत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे 'सहाय्यक व्यक्ती' मागा. पोलीस, रुग्णालय, न्यायालय या सगळ्या वाटेवर घराबरोबर चालणारं हे माणूस असतं. ते मिळालं तर निम्मी कुटुंबं मध्येच खटला सोडणार नाहीत, असं मला वाटतं. महाराष्ट्रात २०१३पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यातून अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं.

एक नाजूक बाब. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी प्रेमातून गरोदर राहिली तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच ठरतो, आणि डॉक्टरांना कळवावंच लागतं. या धास्तीने आया मुलींना गल्लीतल्या भोंदू डॉक्टरकडे नेतात आणि जीव धोक्यात घालतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे की, मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचं नाव आणि ओळख डॉक्टरांनी पोलिसांना कळवायची गरज नाही. पालकांच्या संमतीने अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि हे बोलून दाखवा.

मूल हरवलं तर

'२४ तास वाट पाहा' हा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पळवून नेल्याचं गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवायचा. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, जन्मखूण, शेवटचं कुठे दिसलं, घरात काही भांडण झालं होतं का हे खरं खरं सांगा. रागावून गेलेलं पोर बहुधा स्टेशनच गाठतं, म्हणून रेल्वे पोलिसांना आणि १३९ क्रमांकावरही कळवा. उलट, तुम्हाला एखादं चुकलेलं मूल सापडलं तर त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. शिवाय घरातल्या ज्या माणसापासून ते पळालं, तोच पहिला घ्यायला येईल. १०९८ला किंवा जवळच्या ठाण्यात कळवा, आणि तसं २४ तासांत कळवणं तुमच्यावर बंधनकारकही आहे.

समितीसमोरचा दिवस

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. अधिकार दंडाधिकाऱ्याचे, पण खोली न्यायालयासारखी नसावी अशी अपेक्षा असते. टेबलाच्या पलीकडे समिती, अलीकडे मूल, आणि बाहेरच्या बाकावर काळजीने अर्धमेले झालेले आईबाप. काम सोडून आलेले असतात, त्यामुळे रोजंदारी बुडालेली, आणि नाव पुकारायला दुपार होते. डबा आणि पाणी घेऊन जा. मुलाचा आणि तुमचा आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, आजाराचे कागद, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती घ्या. बाहेर कुणी 'काम करून देतो' म्हणत पैसे मागितले तर देऊ नका; इथे कसलीही फी नाही.

समिती सामाजिक चौकशी अहवाल मागवते, त्यासाठी कार्यकर्ता घरी येतो. त्या दिवशी घर आवरून ठेवण्यापेक्षा खरं बोलणं महत्त्वाचं. दारू आहे तर आहे म्हणा, काम सुटलंय तर सांगा, आणि मूल कुणाजवळ सुरक्षित राहील हेही सुचवा. अहवाल १५ दिवसांत यायला हवा. मुलाला स्वतःचं म्हणणं मांडायचा हक्क आहे. आठ वर्षांचं मूलही 'मला आजीकडे राहायचंय' म्हणू शकतं आणि ते नोंदवलं गेलं पाहिजे. आदेशाची लेखी प्रत मागा. पुढची तारीख, मुलाला भेटण्याचे दिवस आणि वेळ त्याच दिवशी विचारून घ्या. भेट चुकवू नका. बालगृहातलं मूल दर भेटीच्या दिवशी फाटकाकडे डोळे लावून बसतं, आणि 'पालक येत नाहीत' अशी नोंद झाली की परतीची वाट लांबते. समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करता येते.

पैसा आणि कागद

वस्तीतली बरीच मुलं माराने नव्हे तर तंगीने घराबाहेर पडतात. नवरा गेला, खोलीचं भाडं थकलं, मोठ्याला गॅरेजमध्ये लावलं, धाकटीला नातेवाइकांकडे पाठवलं. या टप्प्यावर पैशाची मदत पोचली तर पुढचं सगळं टळतं. महाराष्ट्रात यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील वारलेले, दोघंही नसलेले, घटस्फोट, दीर्घ आजार, पालक तुरुंगात अशा घरांतल्या मुलांना घरीच राहून अठरा वर्षांपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे दरमहा ४००० रुपये मिळतात; शहरात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत हवं. दोन्हींसाठी जायचं ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात आणि तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात. कोणत्या योजनेत मूल बसतं हे तिथेच विचारून घ्या.

बालसंगोपनाच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि पालकासोबत घरासमोर काढलेला मुलाचा फोटो लागतो. नेमका मृत्यूचा दाखलाच बऱ्याच बायकांजवळ नसतो. नवरा गावी वारलेला, नोंद ग्रामपंचायतीत, आणि सासरचे दाद देत नाहीत. अशा वेळी वस्तीतल्या मंडळाने किंवा संस्थेने त्या ग्रामपंचायतीला लेखी पत्र धाडलं तर काम लवकर होतं. अर्ज दलालाकडे देऊ नका.

कागद नाहीत म्हणून शाळा अडवू शकत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, आणि अकरा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवून लाजवायचं नाही, तिच्या वयाच्या वर्गातच बसवायचं. तरीही जन्मदाखला काढून ठेवाच. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत तोच कागद लागणार आहे. घरी बाळंतपण झालं असेल तर २१ दिवसांच्या आत वॉर्डाच्या आरोग्य खात्यात नोंद करा, म्हणजे शुल्क लागत नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि फेऱ्या वाढतात.

नशेच्या मुलांबद्दल थोडं. रुमालात सोल्युशन किंवा व्हाइटनर घेऊन हुंगणारं पोर दिसलं की लोक आधी त्याला हाणतात. तोंडाभोवती फोड, लाल डोळे आणि मुठीत दाबलेला चिंधीचा बोळा ही खूण ओळखा, आणि मारण्याऐवजी १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारा. भुकेलेल्या पोराशी आधी जेवण देऊन बोला. पोटात काही नसताना दिलेला उपदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही.

हे सगळं एकट्याने रेटणं कठीण जातं. एक शिक्षिका, अंगणवाडी सेविका, महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका आणि गल्लीतल्या दोन विश्वासू बायका एवढ्या जणी महिन्यातून एकदा बसल्या तरी पुष्कळ होतं. कुठली मुलं शाळेतून दिसेनाशी झाली, कुणाच्या घरी लग्नाची घाई चालली आहे, कुणाचा अर्ज अडकला आहे, एवढंच बोलायचं. जवळ काम करणाऱ्या संस्थेशी ओळख ठेवा. धारावीत 'स्नेहा' आहे, कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' आहे, जिने १९८८मध्ये तिथल्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. या बैठकीतलं मुलाचं नाव बाहेर जाता कामा नये. वहीत नावाऐवजी नुसती खूण लिहा आणि वही एकीकडेच कुलपात ठेवा.

अर्ज कुठलाही असो, एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. दर महिन्याला त्या तारखेला फोन करा. दोन महिने उत्तर आलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला एकाच मजकुराचं पत्र पाठवा, सोबत पोचेची झेरॉक्स जोडा. पैसे सुरू झाले तरी दर वर्षी बोनाफाईड देऊन नूतनीकरण करावं लागतं. जून-जुलैत शाळेतून दाखला मिळाला की तो त्याच आठवड्यात कार्यालयात नेऊन द्या.